मदतीचा अर्ज म्हणजे संशोधन नव्हे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा आत्महत्यांवरचा अहवाल आला की आपल्याकडे आठवडाभर एकच सामना रंगतो. एका बाजूला 'कर्ज', दुसऱ्या बाजूला 'दारू'. विरोधक म्हणतात, सरकारी धोरणांनी शेतकरी मारला. सत्ताधारी (काल विरोधात असताना त्यांचंही वाक्य हेच होतं) हळूच सुचवतात की कारणं 'कौटुंबिक' होती, व्यसन होतं, माणूस खचलेला होता. अधिवेशन संपतं आणि सामना पुढच्या वर्षावर जातो. माझं म्हणणं असं की हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढला जातोय, कारण दोघंही एकाच प्रश्नाला चिकटून बसलेत: तो का मेला? दोघांनाही हाच प्रश्न सोयीचा आहे. 'का' ठरलं की 'कुणामुळे' आपोआप ठरतं. आत्महत्या हा सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनाचा विषय आहे, असं मी म्हणतो तेव्हा माझा आग्रह वेगळ्या प्रश्नासाठी असतो: काय झालं असतं तर तो जगला असता? वरवर दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण पहिल्याचं उत्तर एका मृत्यूची फाईल चाळून देता येतं, दुसऱ्याचं येत नाही. त्यासाठी मेलेल्यांइतकीच जगलेल्यांचीही चौकशी करावी लागते, आणि ती करायला आपण कुणालाच नेमलेलं नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी आहेत, यवतमाळकडचे. नोकरीत त्यांनी अशा प्रकरणांचे कागद कितीदा तरी केले. ती फाईल कशी असते ते त्यांनी मला एकदा बोटांवर मोजून सांगितलं: पोलिसांचा आकस्मिक मृत्यूचा कागद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा नाहीतर सोसायटीचा थकबाकीचा दाखला, वारसांचे आणि शेजाऱ्यांचे जबाब. वर पांढरी नाडी. राज्य सरकारची एक लाख रुपयांच्या मदतीची योजना २००६ पासून चालू आहे, त्यासाठीची ही फाईल. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि शेरा पडतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. बिनपरवाना सावकाराचं कर्ज कागदावर नसतंच, त्यामुळे ते मरणाचं कारणही होऊ शकत नाही.

या योजनेला माझा विरोध नाही. मागे राहिलेल्या बाईच्या हातात चार पैसे पडतात ते पडावेतच. एक लाख ही रक्कम आजच्या काळात लाज वाटावी इतकी कमी आहे, हेही जाता जाता सांगतो. पण महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांची कारणं गेली वीस वर्षं कुठे नोंदली जात असतील, तर ती या फाईलमध्ये. आणि ही फाईल पैसे वाटण्यासाठी बनलेली आहे. समोर बसलेल्या भावाला माहीत असतं की त्याच्या उत्तराची किंमत एक लाख आहे. 'दोन महिने झोपत नव्हता', 'बोलणंच सोडलं होतं', 'एकदा आधीही प्रयत्न केला होता' ही वाक्यं तो कशाला उच्चारेल? आणि अपात्र ठरवण्याचा दबाव असलेल्या अधिकाऱ्याला नेमकी तीच वाक्यं हवी असतात. यात कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. जिथे प्रत्येक उत्तराला भाव आहे तिथे खरं उत्तर मिळत नाही, एवढंच.

दुसरी वही पोलिसांची. एनसीआरबीचे आकडे ठाण्यातून येतात. एका मृत्यूला एक कारण, असा तक्ता आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या ३१.७ टक्क्यांचं कारण 'कौटुंबिक समस्या'. आता मला सांगा, पीक बुडालं, त्यावरून घरात भांडण झालं, भांडणानंतर पिणं वाढलं आणि पुढे एका संध्याकाळी माणूस गेला, तर हवालदाराने कुठल्या रकान्यात खूण करायची? तो 'कौटुंबिक' लिहितो आणि मोकळा होतो. त्या खुणेचा पुढे अग्रलेख होतो.

रकाने बदलले की माणसं कशी गायब होतात, हेही आपण पाहिलं आहे. २०१३ च्या अहवालात शेतीशी संबंधित आत्महत्या ११,७७२ होत्या. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर आला. शेतीत त्या वर्षी काही सुवर्णयुग अवतरलं नव्हतं. शेतमजुरांचा रकाना वेगळा काढला गेला होता आणि त्यात ६,७१० माणसं होती. दोन्हींची बेरीज १२,३६०, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच. तरीही 'शेतकरी आत्महत्या निम्म्यावर' असं म्हणायची सोय झाली.

आणि ज्यांच्यासाठी कुणी सामना खेळत नाही त्यांचं काय? २०२२ मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण गेले; गृहिणी गेल्या २५,३०९. दुपटीहून अधिक. यातल्या किती जणी दिवसभर कापूस वेचून, निंदण करून घरी परतणाऱ्या होत्या? सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून त्या 'शेतकरी' नाहीत. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील तर हुंडाबळीच्या चौकशीच्या धाकाने मृत्यूला 'पाय घसरला' म्हणण्याची घाई होते. भारतातल्या मृत्यूंचा घरोघर जाऊन घेतलेला एक मोठा मागोवा २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याने २०१० सालच्या आत्महत्या सुमारे १,८७,००० असाव्यात असं दाखवलं. पोलिसांकडे त्या वर्षी सुमारे १,३५,००० होत्या. सरकारी नोंद पुरुषांच्या बाबतीत तोकडी निघालीच, बायकांच्या बाबतीत त्याहून तोकडी. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०२२ मध्ये राज्यात २२,७४६ आत्महत्या झाल्या, देशात सर्वाधिक. त्यात शेतीतल्या ४,२४८. उरलेल्या १८,४९८ जणांवर आपल्या विधानसभेत किती तास चर्चा झाली असेल?

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. 'आरोग्याचा प्रश्न' म्हटलं की राजकारण बाजूला सारलं जातं, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. कापसाला भाव मागायला गेलेल्या माणसाकडे समुपदेशक पाठवले गेले, हे विदर्भाने पाहिलंय. भाव न देता गोळी देणं हा अपमानच आहे. चेन्नईत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आत्महत्या केलेल्यांपैकी ८८ टक्के व्यक्तींमध्ये निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला होता. अशा आकड्याचा राजकीय उपयोग कसा होतो ते सांगायला नको. आणि गेलेल्या माणसाचं निदान नातेवाइकांना विचारून करायचं, या पद्धतीच्या मर्यादा संशोधकही मान्य करतात. हे सगळं मला कबूल आहे.

पण या भीतीपोटी आपण संशोधनच टाळलं, तर कर्जाचा मुद्दा सिद्ध कसा करणार? 'कर्ज तर सगळ्या गावाला आहे, मग सगळे का मरत नाहीत?' हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडून आपण कितीदा ऐकला आहे. ऐकायला बिनतोड वाटतो. पण तंबाखू खाणारे सगळेच कॅन्सरने मरत नाहीत, म्हणून तंबाखू निर्दोष ठरली का? तंबाखूला दोषी ठरवलं ते मोर्च्यांनी नव्हे. कॅन्सर झालेले आणि न झालेले शेजारी शेजारी ठेवून, कोण किती वर्षं तंबाखू घेत होता हे मोजणाऱ्यांनी ठरवलं. विदर्भातही हे एकदा झालं आहे. राज्य सरकारसाठी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली केलेल्या अभ्यासात वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ कुटुंबं घेतली आणि त्यांच्याशी तुलनेसाठी आत्महत्या न झालेली शेतकरी कुटुंबंही घेतली. पहिल्या गटात थकलेलं कर्ज जास्त होतं, बैल कमी होते, निघालेल्या पिकाचं मोल कमी होतं, खाणारी तोंडं जास्त होती. बैल! कुठल्या भाषणात बैल येतात? न मेलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात डोकावल्याशिवाय हे कळलंच नसतं. म्हणजे ज्या पद्धतीला आपण 'राजकारण झाकणारी' म्हणतो, तिनेच कर्जाचा आरोप पुराव्यानिशी मांडून दाखवला. आणि कर्ज की नैराश्य, हा झगडाच मुळात लुटुपुटुचा. सलग तीन वर्षं नुकसान सोसलेल्या माणसाची झोप उडते, तेव्हा ते आजारपण कर्जापासून वेगळं कसं काढणार? आणि ते आजारपण ओळखलं गेलं असतं, तर कर्ज असूनही तो आज बसस्टँडवर चहा पीत बसला नसता कशावरून?

श्रीलंकेचं उदाहरण मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. १९९५ साली तिथे दर लाख लोकांमागे आत्महत्यांचं प्रमाण ४७ होतं, जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी एक. देशात यादवी युद्ध, खेड्यांत गरिबी, दारू. 'का' या प्रश्नाला हवी तितकी उत्तरं होती. त्या सरकारने 'का'चा निकाल लागायची वाट पाहिली नाही. सर्वांत विषारी गटातली कीटकनाशकं १९९५ मध्ये आणि एंडोसल्फान १९९८ मध्ये बंद केलं. पुढच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. युद्ध २००९ पर्यंत चालूच होतं. गरिबी हटली नव्हती. विषबाधेने रुग्णालयात येणाऱ्यांची संख्याही काही लगेच घटली नाही; आलेले लोक वाचू लागले, हा फरक. आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो क्षण टळतो आणि माणूस म्हातारा होतो.

'म्हणजे दुःख तसंच ठेवून नुसती बाटली काढून घ्यायची?' असं मला एका परिसंवादात विचारलं गेलं. हो. आधी बाटली. दुःखावरचा इलाज करून घ्यायला माणूस शिल्लक तर हवा. आपली भाषा इथे मोठी बोलकी आहे: कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण 'फवारणीचं औषध' मागतो, विष म्हणत नाही, आणि औषध म्हटलेली वस्तू घरात मुलाबाळांच्या वावरात ठेवायला हात कचरत नाही. शेतीचं काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. आणि तो मांडणारा २०२१ च्या श्रीलंकेकडे बोट दाखवील, जिथे रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घालून सरकारने शेतीचा बोजवारा उडवला. बरोबर आहे. पण नव्वदच्या दशकातली बंदी निवडक होती, पर्याय बाजारात होते, आणि त्या काळात भाताचं उत्पादन घटल्याचं आढळलं नाही. एकाच देशाने एक निर्णय मोजून घेतला, दुसरा हुक्कीवर.

संशोधन आपल्या आवडत्या कल्पनाही मोडतं, म्हणून तर ते हवं. कीटकनाशक ठेवायला घरोघर कुलपाची पेटी द्या, ही सूचना कुणालाही पटेल अशी आहे. आपल्याकडे असती तर पालकमंत्र्यांच्या हस्ते वाटप झालं असतं, पेटीवर फोटोही आला असता. श्रीलंकेत १८० गावांत ती रीतसर तपासली गेली. निम्म्या गावांना पेट्या दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: काही फरक पडला नाही. तपासलं नसतं तर कोट्यवधी रुपये त्या पेट्यांत गेले असते. आपल्याकडे काय झालं? मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. २०२३ पर्यंत ती यादी मोजक्या नावांवर आली. त्याआधी २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात नुसती फवारणी करताना २० हून अधिक जण दगावले होते. गंमत म्हणा की शोकांतिका, आपला कीटकनाशक कायदा १९६८ चा, आणि त्याचा जन्मच १९५८ साली केरळ आणि मद्रासमध्ये अन्नातल्या विषबाधेने शंभरावर माणसं दगावली त्या घटनेतून झाला. म्हणजे हा मुळात माणसं वाचवण्याचा कायदा. त्याचं बी-बियाण्यांच्या दुकानदारीत रूपांतर आपण केलं.

मोजमापाच्या आड कायदाही आला. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, कलम ३०९. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, मुंबई पोलिसातल्याच एका शिपायाच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये ते फिरवलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, आणि जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेतून ते कलम गेलं (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हाच आहे). इतकी वर्षं कुटुंबं दवाखान्यात काय सांगत होती? 'चुकून झालं'. डॉक्टरही तेच लिहून मोकळे, नाहीतर ठाण्याच्या चकरा. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची इथे आठवण येते. घरात गोरे सोजीर घुसतात म्हटल्यावर लोक रुग्ण लपवू लागले, अंत्यविधीही गुपचूप उरकू लागले. साथ मोजायला निघालेल्या सरकारने मोजणीच अशक्य करून ठेवली. योगायोग असा की त्याच १८९७ साली पॅरिसमध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेमचा आत्महत्येवरचा ग्रंथ आला, ज्याने हा खासगी वाटणारा मृत्यू समाजागणिक मोजता येतो हे दाखवलं. त्याच्या आकड्यांवरही पुढे हीच टीका झाली की जिथे आत्महत्येची लाज जास्त, तिथे नोंद कमी. सव्वाशे वर्षांनी आपण त्याच जागी उभे आहोत.

एक आक्षेप मात्र मला आतून लागतो. प्रत्येक मरण वेगळं असतं, त्याचा टक्का करणं हीच एक क्रूरता आहे. घरातलं कुणी असं गेलेल्या माणसासमोर बसून 'जोखीम घटक' हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही. पण बालमृत्यूही प्रत्येक आईसाठी एकटाच असतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवायला सुरुवात केली. खरा आकडा हाती आल्यावर घरातच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्या मोजणीने कुठल्या आईचं दुःख स्वस्त केलं?

आत्महत्येच्या बाबतीतही असं काही आपल्याच मातीत झालं आहे, फक्त त्याची बातमी झाली नाही. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल घराघरांत बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते; दीड वर्षाने २७.२ टक्के. मरणाचे विचार मनात येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे त्या उताराचं सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही, आणि म्हणूनच पुढचा अभ्यास व्हायला हवा होता. आज निदान 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतूनही. हे वाचताना कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी लागला तर लेख बाजूला ठेवून आधी तो लावा. केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करायचं ठरलं आहे. दहा टक्के कशाचे, पोलिसांच्या आकड्याचे की खऱ्या?

त्या तलाठ्यांना मी शेवटी विचारलं, फॉर्ममध्ये एखादा रकाना तुमच्या मनाने टाकायचा तर कुठला टाकाल? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दवाखान्यात न्यायला गाडी किती वेळाने मिळाली, हे आम्ही कधीच नाही लिहिलं. प्राथमिक केंद्रात कोणी होतं का, तेही नाही. आधी कधी त्या माणसाने कुणापाशी मन मोकळं केलं होतं का, ते तर नाहीच." मग का नाही टाकले हे रकाने, असं मी विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते लिहून कोणाला पैसे मिळणार होते, भाऊ?"